साठ सह्यांचं पत्र

दिवाळी उलटली की आमच्याकडच्या हवेत मळीचा वास येऊ लागतो. आधी तो फक्त पहाटे जाणवतो, ओलसर, नाकात बसणारा. मग आठ-दहा दिवसांत असा मुरतो की बाहेरगावच्या पाहुण्याने नाक मुरडल्याशिवाय आपल्याला त्याची आठवणही होत नाही. कोल्हारच्या पुलावर उसाच्या ट्रॉल्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. रस्ताभर पाचट सांडतं. पाथर्डी-शेवगावाकडून तोडणीवाल्यांच्या बैलगाड्या येतात. गाडीत भांडीकुंडी, कोंबड्या, गोधड्या आणि गोधड्यांच्या ढिगावर बसलेल्या पोरी. कालव्याच्या कडेला दोन दिवसांत पाचटाच्या कोप्यांचं अख्खं गाव उभं राहतं.

नोकरीत असताना मला हा हंगाम आवडायचा. कोल्हारपासून सात-आठ किलोमीटरवरच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी शिक्षिका होते. एरवी ओकीबोकी वाटणारी ती शाळा कार्तिकात भरून जायची. कोप्यांवरची मुलं यायची, त्यांच्या केसांत उसाची कुसं अडकलेली असायची आणि हातांना गोड-कडवट वास असायचा. आता रिटायर होऊन तीन वर्षं झाली. हंगाम सुरू झाला की मी खिडक्या लावून घेते. सून म्हणते, आई, वासाचा त्रास होतो तर मास्क लावत जा. वासाचं काही नाही. सात वर्षांपूर्वीच्या एका हंगामाचं आहे, आणि ते सुनेला कधी सांगितलेलं नाही.

त्या वर्षी जूनमध्ये मंदा आमच्या शाळेत आली. मूळची भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतली, ठाकर समाजातली. वय तिशीच्या आत, चालणं असं की सोबतच्या माणसाने पळावं. मी तिला मंदा म्हणायचे, ती मला शैलाताई. सुट्टीवरून येताना ती काळभाताचे तांदूळ आणायची. ते मी घरी शिजवले की वास शेजारच्या ओट्यापर्यंत जायचा. शेजारीण विचारायची, कुठून आणले? मी मोठ्या कौतुकाने सांगायचे की आमच्या मंदा मॅडम आहेत ना, ठाकराच्या, त्यांच्या घरचे. हे सांगताना माझ्या मनात भेदभाव नाही याचा जणू मी दाखला देत असायचे. कुणाच्या घरचा तांदूळ खाल्ला म्हणजे मन स्वच्छ असतं, इतका सोपा हिशेब मी तेव्हा करत होते.

हंगाम लागला तशी मंदा रोज सकाळी शाळा भरण्याआधी कोप्यांवर जाऊ लागली. आम्ही आधीची वर्षंही तोडणीवाल्यांची मुलं शाळेत घ्यायचो, पण जी येतील ती. मंदा घ्यायला जायची. तान्ह्या भावंडाला सांभाळायला घरी ठेवलेल्या पोरींना ती भावंडांसकट आणायची. आमच्या दुसरीच्या वर्गात भिंतीला टेकून तीन तान्ही पोरं झोपलेली असायची आणि मंदा हळू आवाजात बे दुणे चार चालवायची. मला तिचं हसू यायचं आणि थोडा हेवाही वाटायचा. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी एकदाही कोपीच्या आत वाकून शिरले नव्हते.

दुपारच्या खिचडीला आमच्या शाळेत एक चाल पडलेली होती. गावातली मुलं व्हरांड्यात रांगेत बसायची, कोप्यांवरची नळाजवळच्या लिंबाखाली. असं कुणी ठरवलं नव्हतं. विचारलं असतं तर आम्ही सगळ्यांनी सांगितलं असतं की त्यांना तिथं सावलीत बरं वाटतं. मंदाने तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळ्यांना हजेरीच्या क्रमाने एका रांगेत बसवलं आणि स्वतः पळी घेऊन वाढायला उभी राहिली. त्या दिवशी एका मुलीची आई तिला न्यायला आली होती. तिने ते पाहिलं आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाई, आमच्यापायी तुमची लाईन मोडू नगा. आमची लेकरं खालीच बरी हायेत." मी तिला, असू द्या हो, म्हटलं. पण मंदाला थांबवावं की पाठीशी राहावं हे माझं ठरत नव्हतं. म्हणून मी वर्गात जाऊन वह्या तपासत बसले.

दोन दिवसांनी गावातले चार-पाच पालक आले. स्वच्छतेचं बोलू लागले. खरूज, उवा, खोकला. मग त्यातल्या एकाने आवाज खाली करून वाढणारीबद्दलही विचारलं. शाळेत स्वयंपाकाला बाई आहे, मग मॅडमनी पळी हातात घ्यायचं कारण काय? आमचे हेडमास्तर घाबरट पण भले गृहस्थ. त्यांनी आबांना फोन केला.

आबांबद्दल नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आबा आमच्या शिक्षक संघटनेचे पुढारी. पुढारी म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तसा माणूस नव्हे. खादीचा जाड सदरा, पायात झिजलेल्या वहाणा, पिशवीत घरची भाकरी. जिल्ह्यातल्या कुठल्याही कोपऱ्यातल्या शिक्षकाचं काम असलं तरी एसटीने जायचे. माझ्या नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी पाथर्डीच्याही पलीकडे एका शाळेवर होते. रोजचं येणं-जाणं शक्य नव्हतं आणि घरी त्यांना तोंडात घास भरवायला कुणी नव्हतं. माझा बदलीचा अर्ज घेऊन आबा साहेबांच्या दाराबाहेर सबंध दिवस बसले. पाणी प्यायलाही उठले नाहीत, कारण उठलो आणि साहेब निघून गेले तर? संध्याकाळी ऑर्डर घेऊन ते घरी आले, नवऱ्याच्या उशाशी बसले आणि म्हणाले, "मास्तर, आता बाई रोज घरी येतील. तुमी फकस्त बरं व्हायचं बघा." माझे यजमानही शिक्षकच होते. त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी डाव्या हाताने आबांचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

असा माणूस आमच्या शाळेत भांडण मिटवायला आला. पालकांशी गोड बोलला, त्यांना चहा पाजला. हेडमास्तर त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले आणि ऑफिसात आम्ही तिघंच उरलो. आबा, मंदा आणि मी. आबांनी मंदाला समजावलं की तीन-चार महिन्यांचा प्रश्न आहे, गावाचं मन राखावं, पळी स्वयंपाकिणीकडे द्यावी आणि त्या मुलांना पुन्हा लिंबाखाली बसवावं. मंदा म्हणाली, सर, हे मी करणार नाही. अजिबात आवाज चढवला नाही तिने. आबांना तशा उत्तराची सवय नव्हती. ते हसले, अगदी वडीलकीने हसले, आणि म्हणाले, "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या माणसांना नोकरी मिळाली, पण रीत मिळायला अजून दोन पिढ्या जातील."

मंदाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

मी टेबलावरची हजेरीपुस्तकं एकावर एक रचू लागले. ती आधीच रचलेली होती.

ते क्षण मी इतक्यांदा आठवले आहेत की आता मला माझ्या हाताखालचा पुठ्ठाही आठवतो, त्याचा कोपरा उंदराने कुरतडलेला होता. आणि एक गोष्ट मी बराच काळ स्वतःपाशीही कबूल केली नव्हती. आबांचं ते वाक्य मला त्या वेळी खटकलं नाही. खटकली ती मंदाची नजर. वाक्य कानावरून गेलं ते ओळखीचं वाटलं, घरात, लग्नकार्यात, शिक्षकांच्या सहलीत मी ते वेगवेगळ्या शब्दांत ऐकत आले होते. त्यात काही आहे हे मला तिच्या डोळ्यांवरून कळलं. आणि जिच्यामुळे कळलं तिचाच मला राग आला.

मंदाने नगरला जिल्हा परिषदेच्या कार्यालयात लेखी तक्रार केली. त्यात तिने पालकांबद्दल काही लिहिलं नव्हतं, फक्त ते वाक्य लिहिलं होतं. कोण बोललं, कुठे बोललं आणि समोर कोण होतं. समोर कोण होतं त्या ठिकाणी माझं नाव होतं.

तालुक्यात खळबळ उडाली. आबांवर असा आरोप? ज्या माणसाने कुणाची जात न विचारता बदल्या करून दिल्या, अडलेल्या पेन्शनी मिळवून दिल्या, त्याच्यावर? रविवारी दुपारी संघटनेची सात-आठ माणसं माझ्या घरी आली. मला वाटलं, काय घडलं ते विचारायला आली आहेत. त्यांनी ते विचारलंच नाही. शाळाशाळांतल्या समारंभांची सूत्रसंचालनं मी करायची, मानपत्रं मी लिहायची, त्यामुळे ते म्हणाले, बाई, तुमच्यासारखी भाषा तालुक्यात कुणाची नाही. आबांच्या चारित्र्याबद्दल एक निवेदन लिहून द्या. आम्ही सह्या घेतो.

मी लिहिलं. अंगणात संक्रांतीचे तीळ उन्हात पसरले होते, मी त्यांच्याशेजारी चटईवर बसले होते, पाठीला ऊन बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू, मला ते लिहिताना आनंद झाला. शब्द आपणहून येत होते. कुठल्या वाडीवर आबांनी कंदिलाच्या उजेडात मुलांना वाचायला शिकवलं, कुठल्या समाजाच्या शिक्षकाच्या घरी ते जेवले, कुणाच्या मुलीच्या लग्नात स्वतः पत्रावळी उचलल्या. सगळं खरं होतं. एकही ओळ खोटी नव्हती. शेवटी मी लिहिलं, 'ज्यांच्या अंगणात सर्वांना सावली मिळाली, त्या वृक्षाला कुणी सावलीचा भेदभाव केला म्हणून दोष द्यावा, हे पाहून आम्हां शिक्षकांची मान खाली जाते.' हे वाक्य मला फार आवडलं होतं. ते जमल्यावर मी उठून पाणी प्याले.

मग यजमानांना वाचून दाखवलं. तोवर त्यांना थोडं बोलता येत होतं, एकेक शब्द दगडासारखा उचलून ठेवावा तसं. ते सगळं ऐकून घेत होते. पत्र संपल्यावर त्यांनी विचारलं, "बोलले... का?"

मी म्हणाले, "जेवून घ्या आधी."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पुढे चार वर्षं ते जगले, पण त्या पत्राचा विषय त्यांनी काढला नाही. मी मात्र दर वेळी ताट वाढताना त्यांच्या तोंडाकडे बघायचे.

पत्रावर साठ सह्या झाल्या. जिल्ह्यातल्या एका दैनिकाने ते चौकटीत छापलं. बाजारात माणसं थांबवून सांगायची की पत्र वाचलं, डोळ्यांत पाणी आलं. एका केंद्रप्रमुखांनी तर ते कापून डायरीत ठेवलं होतं.

चौकशी झाली तीही आमच्याच शाळेत, चौथीच्या वर्गात. मुलांना मैदानात सोडलं होतं. चौकशीला आलेले अधिकारी शांत होते, घाईत नव्हते. त्यांनी मंदाच्या तक्रारीतलं ते वाक्य मला वाचून दाखवलं आणि विचारलं, हे आपल्यासमोर बोललं गेलं का? प्रश्न साधा होता. हो किंवा नाही एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "साहेब, आबा असं बोलणारे गृहस्थ नाहीत." त्यांनी क्षणभर पेन थांबवलं. मला वाटलं, आता पुन्हा विचारतील. त्यांनी पुन्हा विचारलं असतं तर मी काय म्हणाले असते हे मला आजही माहीत नाही. पण त्यांच्यासमोर माझं पत्र ठेवलेलं होतं आणि बाहेर संघटनेची माणसं उभी होती. त्यांनी माझं उत्तर लिहून घेतलं. खाली मी सही केली, माझ्या नेहमीच्या वळणदार अक्षरात.

पुरावा नाही म्हणून तक्रार निकाली निघाली.

खरी शिक्षा त्यानंतरच्या दोन महिन्यांत होती, आणि ती मंदाने दिली नाही. तिने काहीच दिलं नाही. रोज वेळेवर यायची. कोप्यांवर जायची. त्या मुलांना पुन्हा लिंबाखाली बसवलं गेलं तेव्हा ती स्वतः डबा घेऊन त्यांच्यात जाऊन बसली, आणि हंगाम संपेपर्यंत तिथेच जेवली. माझ्याशी कामापुरतं बोलायची. ताई म्हणणं मात्र बंद झालं. पहिल्यांदा ती "मॅडम, खडू आहेत का?" म्हणाली तेव्हा मी मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी आलंय की काय म्हणून.

त्या दिवसांत मी स्वतःला पुष्कळ समजावलं. एका वाक्यासाठी माणसाचं तीस-बत्तीस वर्षांचं काम मातीत घालायचं का? आबांच्या मनात तसं काही नसणार, तोंडातून गेलं असेल. आणि मंदाने तरी मला न विचारता माझं नाव का लिहावं? प्रत्येक समजूत एखादा आठवडा टिकायची. मग दुपारी लिंबाखालून थाळ्यांचा आवाज आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

फाल्गुनात ऊस संपला, कोप्या मोडल्या, गाड्या पूर्वेकडे निघून गेल्या. मंदाने अकोले तालुक्यात बदली मागून घेतली होती. जायच्या दिवशी तिने कपाटाची किल्ली आणि मुलांची यादी माझ्या ताब्यात दिली. कुठलं मूल कुठल्या गावचं, वाचनात कुठवर आलंय, पुढच्या हंगामात आलं तर कुठून सुरू करायचं, सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. मला वाटलं, आता तरी काहीतरी बोलावं. मी म्हणाले, "मंदा, माझा नाइलाज होता गं." ती पिशवी खांद्यावर घेत होती. थांबली आणि म्हणाली, "मॅडम, मी तुमचं पत्र तीनदा वाचलं. मी खोटं बोलते असं त्यात तुम्ही कुठंच लिहिलेलं नाही. तेवढं जपून लिहिलंत. म्हणजे तुम्हाला सगळं ऐकू आलं होतं."

एवढं बोलून ती गेली. त्या दिवशी मी पूर्ण कपाट पुन्हा लावलं.

ह्या वर्षी हंगाम लागला तसे गावातले दोन शिक्षक घरी आले. आबांच्या संघटनेतल्या चाळीस वर्षांनिमित्त गौरवग्रंथ निघणार आहे, आणि त्यात सगळ्यात आधी माझं ते पत्र छापायचं आहे. कात्रण त्यांच्याकडे होतंच, फक्त माझा फोटो हवा होता. माझी सून कौतुकाने ऐकत होती. शेवटचं वाक्य तिने मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, आई, हे तुम्ही लिहिलंय? मला तिच्याकडे बघवेना. मी दोघांना म्हणाले, दोन दिवस द्या.

दुसऱ्या दिवशी राहात्याला एसटी बदलून मी पुणतांब्याला गेले. आबा आता तिथं मुलाकडे असतात. अंगणात उन्हाला बसून सोलाणे सोलत होते. थकले होते, गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. मला पाहून त्यांना आनंद झाला. त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं, यजमानांची आठवण काढली. मी चहा होईपर्यंत कशीबशी थांबले आणि मग विचारलं की आबा, त्या दिवशी ऑफिसात तुम्ही मंदा मॅडमना जे बोललात ते तुम्हाला आठवतं का?

ते बराच वेळ घाट्यातून हरभरे काढत राहिले. मग म्हणाले, "आठवतं की. इसरायला काय झालं?"

मी हातातला कप खाली ठेवला.

"बाई, चौकशीच्या दिवशी मी ठरवून गेल्तो. बोललो म्हणायचं, पोरीची माफी मागायची आन् मोकळं व्हायचं. तर साहेबांनी म्होरं तुमचं पत्र ठेवलं. साठ सह्या. मी वाचाया लागलो आन् वाचता वाचता मलाच वाटलं, व्हय, असला माणूस असं बोलंल कसा? मी बोललोच नसंल."

मी ज्या माणसाचं चारित्र्य राखायला निघाले होते, त्याचं चारित्र्य त्या दिवशी आपल्या पायांनी दारापर्यंत आलं होतं, आणि माझं पत्र दारात आडवं पडलं होतं. नंतर एसटीत बसल्यावर रागही आला. आबांना तोंड होतं. सात वर्षं होती. भंडारदऱ्याला एसटी जाते. त्यांनी स्वतःच्या गप्पपणाचं ओझं किती सहज माझ्या अक्षरावर ठेवलं होतं. पण हा राग मला धरून ठेवता येईना. कारण त्यांच्या ऐवजी तेच मी माझ्याबद्दल म्हणू शकत होते, अगदी शब्दन् शब्द.

निघताना आबा म्हणाले की पत्र काढून टाकायला सांगतो, पण त्याच्या जागी दुसरं काही लिहू नका. पोरांनी हौसेनं चालवलंय, आता शेवटी शेवटी कशाला. त्यांनी माझ्या पिशवीत सोलाणे घातले. मी नको म्हणू शकले नाही. घरी येऊन ते सुनेला दिले आणि स्वतः खाल्ले नाहीत.

त्या दोन शिक्षकांना मी सांगितलं की पत्र छापायचं नाही, आणि का तेही सांगितलं. एकजण कात्रण पिशवीत ठेवू लागला. दुसरा म्हणाला, बाई, आबांनी तुमच्यासाठी काय केलं ते विसरलात? मी म्हणाले, विसरले नाही. तेवढंच एक उत्तर खरं होतं. आता ते दोघं रस्त्यात भेटले की गाडीचा वेग वाढवतात.

मग मी एक नवीन कागद घेतला. दोन परिच्छेद लिहायला चार दिवस लागले. पहिला मसुदा वाचला तर तो पुन्हा सुंदर झाला होता, पश्चात्तापाचा वृक्ष, सावली, सगळं आलं होतं. फाडला. दुसऱ्यात माझे यजमान, त्यांचा आजार आणि माझी अडचण यांनीच पान भरलं होतं. तोही फाडला. तिसऱ्यात फक्त तारीख, ठिकाण, कोण होतं, काय बोललं गेलं, आणि चौकशीत मी प्रश्नाचं उत्तर टाळलं एवढंच ठेवलं.

पाठवण्याआधी मंदाला वाचून दाखवावं असं वाटलं. तिचा नंबर एका जुन्या सहकारी बाईंकडून मिळवला. दोनदा फोन लागला नाही, रेंजचं कारण असावं. तिसऱ्यांदा तिने उचलला. मी नाव सांगितलं. पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता. मी म्हणाले की मी एक लिहिलंय, कार्यालयाला द्यायचंय, तू ऐकशील का? ती म्हणाली, वाचा.

मी वाचलं. माझा आवाज सूत्रसंचालनाचा होऊ नये म्हणून सपाट ठेवला.

मग ती म्हणाली, "मॅडम, एक चूक आहे. 'काही माणसांना नोकरी मिळाली' असं तुम्ही लिहिलंय. ते 'तुमच्या माणसांना' म्हणाले होते."

मी कागदाकडे बघितलं. खरंच तसं लिहिलं होतं. चार दिवस घासूनपुसून लिहिलेल्या दोन परिच्छेदांत, आपण आता काही लपवत नाही अशा खात्रीने, माझ्या हाताने तो एक शब्द मऊ करून ठेवला होता. मला कळलंही नव्हतं.

"दुरुस्त करते," मी म्हणाले.

"करा. आणि मला त्याची प्रत पाठवा." तिने शाळेचा पत्ता सांगितला, मी लिहून घेतला. माफ केलं वगैरे ती काही म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही. मागितली असती तर ती द्यायची की नाही हे ठरवायचं काम पुन्हा तिच्यावरच पडलं असतं. तिने मला ताईही म्हटलं नाही. वर्ग आहे म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी नगरला गेले. आवक-जावकच्या टेबलावर तिशीतली एक बाई होती. तिने माझा अर्ज उलटसुलट पाहिला, सात वर्षांपूर्वीचा तक्रारीचा क्रमांक पाहिला आणि सांगितलं की हे प्रकरण तर कधीच बंद झालंय, उघडेल की नाही सांगता येत नाही. मी म्हणाले, फक्त नोंद करून घ्या आणि पोच द्या. तिने रजिस्टर पुढे ओढलं.

"विषयात काय लिहू?"

"साक्षीत दुरुस्ती."

ती लिहिता लिहिता थांबली. तिच्या बोलण्यात टोचणं नव्हतं, सहज विचारलं तिने. "आता? इतक्या उशिरा?"

"हो," मी म्हणाले. "इतक्या उशिरा."